लाल फुगा आणि रस्त्याचा रोलर

एखाद्या घरांतील मुलगा चित्रपटाचें शिक्षण घेऊं लागतो, आणि वर्षाअखेर दहा-पंधरा मिनिटांचा एक नाट्यपूर्ण लघुपट तयार करून तो घरच्या मंडळींना दाखवितो. दिवे लागतात, क्षणभर कोणीच बोलत नाहीं. मग आजी विचारते, "संपलें का रे?" आणि काका म्हणतात, "छान आहे; पण हें कोठें तरी पाहिल्यासारखें वाटतें." आजीच्या प्रश्नाला उत्तर देणें सोपें असतें. काकांच्या वाक्यानें मात्र त्या मुलाचा चेहरा उतरतो, कारण तें वाक्य बहुधा खरें असतें. गेले सहा महिने त्यानें दुसऱ्यांचे लघुपट रात्रंदिवस पाहिलेले असतात, आणि त्यांतलें कांहीं ना कांहीं आपल्या चित्रांत उतरलें आहे हें सर्वांच्या आधीं त्याला स्वतःलाच ठाऊक असतें.

श्रोतेहो, हें जें उतरणें, त्याला चोरी म्हणावयाचें कीं शिक्षण म्हणावयाचें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

गायनाच्या प्रांतांत हा प्रश्न आपल्याला फारसा छळीत नाहीं. शिष्यानें गुरूची तान जशीच्या तशी घेतली तर आपण माना डोलावतों, आणि "घराण्याची तालीम चांगली झाली आहे" असें म्हणतों. त्याच शिष्यानें वीस वर्षांनंतरही तेवढेंच गाइलें तर मात्र आपण कंटाळतों. म्हणजे अनुकरणाला आपला विरोध नाहीं. अनुकरणांतच मुक्काम ठोकण्याला आहे. चित्रपटाच्या विद्यार्थ्याची अडचण अशी कीं, त्याचा गुरु पुष्कळदां त्याच्या समोर बसलेला नसतो. तो दूरच्या देशांत असतो, त्याला या शिष्याचें नांवही माहीत नसतें, आणि त्याची तालीम पडद्यावर पंधरा मिनिटांत संपून जाते. चुकलें तर थांबवून सांगणारा कोणी नाहीं. शिष्यानें काय उचललें, कोठून उचललें आणि त्याचें पुढें काय केलें, याचा हिशेब त्यानें स्वतःच ठेवावयाचा असतो.

आणि या कामीं लघुपटाचा गुण कांहीं वेगळाच आहे. पूर्ण लांबीचा मोठा चित्रपट नवशिक्याला दिपवून टाकतो. तो पाहून त्याला दिग्दर्शक होण्याची इच्छा होते, पण उद्यां सकाळीं कॅमेरा कोठें ठेवावा हें त्याला त्यांतून कळत नाहीं. थोर कादंबरी वाचून लघुकथा लिहितां येत नाहीं, तसेंच हें आहे. लघुपटांत माप उघडें दिसतें. एक मुलगा, एक वस्तु, एक दिवस. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कोणीं तरी पाऊण तास आपल्याला खिळवून ठेवलें, मग माझ्याजवळही एक मुलगा, एक गल्ली आणि आठ दिवस आहेत, असा हिशेब विद्यार्थी मनांत करूं लागतो. शिवाय लघुपटाला बोलण्यास वेळ कमी. पात्राचा स्वभाव संवादानें सांगावयाचा तर तीन मिनिटें जातात. त्यानें सफरचंद कसें पुढें केलें हें दाखविलें तर दहा सेकंद पुरतात. ही काटकसर मोठ्या चित्रपटाकडून शिकणें फार कठीण आहे.

आतां प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळूं.

१९५६ सालीं फ्रान्समध्यें आल्बेर लामोरिस या दिग्दर्शकानें 'लाल फुगा' या नांवाचा चौतीस मिनिटांचा एक लघुपट काढला. पॅरिसच्या मेनिलमोंतां या जुन्या, चढउतारांच्या, करड्या रंगाच्या वस्तींत राहणाऱ्या एका एकट्या मुलाला दिव्याच्या खांबाला अडकलेला एक मोठा लाल फुगा सांपडतो. हा फुगा त्याच्या मागोमाग चालतो, शाळेबाहेर त्याची वाट पाहतो, खिडकीशीं घुटमळतो, कधीं रुसतो, कधीं खोड्या काढतो. वस्तींतलीं उनाड पोरें त्याचा पाठलाग करून अखेर तो फोडतात. मग सबंध पॅरिसचे फुगे आपापले दोरे सोडवून त्या मुलाकडे येतात, आणि त्याला उचलून शहरावरून घेऊन जातात. चित्रांत संवाद जवळजवळ नाहींतच. मुलगा म्हणजे लामोरिसचा स्वतःचाच मुलगा पास्काल होता. कान येथील महोत्सवांत लघुपटाचें सर्वोच्च पारितोषिक या चित्राला मिळालें. आणि पुढें अमेरिकेंतील ऑस्कर पारितोषिकांत मोठमोठ्या चित्रपटांना मागें सारून सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचा मान याच चौतीस मिनिटांना मिळाला. ज्या चित्रांत कोणी फारसें बोलतच नाहीं त्याला लेखनाचें पारितोषिक, ही गोष्ट पटकथा म्हणजे संवाद असें समजणाऱ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. (हाच लामोरिस मोठा हौशी माणूस होता. जगभर घरोघरीं खेळला जाणारा 'रिस्क' हा राज्यें जिंकण्याचा पटावरील खेळ त्यानेंच शोधून काढला. आणि १९७० सालीं इराणांत हेलिकॉप्टरमधून चित्रीकरण करीत असतां अपघातांत त्याचा अंत झाला.)

या चित्राविषयीं आन्द्रे बाझां या फ्रेंच समीक्षकानें एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. फुगा कुत्र्यासारखा मागें येतो ही युक्ति आहे, हें आपणां सर्वांना माहीत असतें. पण ती युक्ति कात्रीनें केलेली नाहीं. मुलगा आणि फुगा एकाच चौकटींत, एकाच वेळीं, कॅमेऱ्यासमोर खरोखर चालत असतात. मुलाचें एक चित्र, फुग्याचें दुसरें चित्र, आणि मधें संकलकाचा डिंक, असें केलें असतें तर आपण गोष्ट समजलों असतों, पण तिच्यावर विश्वास ठेवला नसता. विद्यार्थ्यानें एखादा लघुपट पाहतांना नेमकें काय पाहावें, याचा हा नमुना आहे. फुगा पाहणें सोपें आहे. फुगा आणि मुलगा यांच्यामध्यें सांधा नाहीं हें पाहणें, याला तालीम लागते.

हें चित्र पाहून ज्यांचीं मनें हलून गेलीं त्यांत मॉस्कोच्या चित्रपट-विद्यालयांतील दोन विद्यार्थी होते. हें विद्यालय १९१९ सालीं निघालें; जगांतील पहिलें चित्रपट-विद्यालय तेंच. स्टालिन १९५३ सालीं वारल्यानंतर तेथील वातावरण हळूहळू सैल झालें, परदेशांतील चित्रें विद्यार्थ्यांना पाहावयास मिळूं लागलीं, आणि मिखाईल रोम यांच्यासारखे अध्यापक मुलांना आपापल्या वाटेनें जाऊं देत होते. त्या दोघांपैकीं एक आन्द्रे तार्कोव्स्की, आणि दुसरा त्याचा मित्र आन्द्रे कोन्चालोव्स्की.

तार्कोव्स्की पुढें जगांतील श्रेष्ठ दिग्दर्शकांत गणला गेला. पण त्याचें पहिलें विद्यार्थिदशेंतील चित्र पाहिलें तर तसें भाकीत करण्याचें धाडस फारसें कोणी केलें नसतें. १९५६ सालीं त्यानें दोन सहाध्यायांच्या बरोबर हेमिंग्वेच्या 'द किलर्स' या कथेवर एक लघुपट केला. अमेरिकन उपाहारगृह, अमेरिकन मारेकरी, अमेरिकन टोप्या, आणि तें सर्व मॉस्कोच्या विद्यालयांतल्या एका खोलींत उभें केलेलें. एका गिऱ्हाइकाचें काम तार्कोव्स्कीनें स्वतःच केलें आहे, आणि तो अमेरिकन जॅझमधली एक चाल शिटीवर वाजवितो. चित्र नीटनेटकें आहे, त्यांतला ताणही चांगला साधला आहे. पण तें दुसऱ्याच्या घरांत राहणाऱ्या पाहुण्यानें लावलेल्या दिवाणखान्यासारखें वाटतें. प्रत्येक वस्तु जागच्या जागीं, आणि एकही आपली नाहीं. काकांचें तें वाक्य या चित्राला लागू पडलें असतें.

त्यानंतर चार वर्षांनीं, १९६० सालीं, त्यानें पदविकेसाठीं जें चित्र केलें त्याचें नांव 'रोलर आणि व्हायोलिन'. लांबी सेहेचाळीस मिनिटें. पटकथा त्यानें आणि कोन्चालोव्स्कीनें मिळून लिहिली. छायाचित्रण वादिम युसोव यांचें, संगीत ओव्चिनिकोव्ह यांचें. साशा नांवाचा सात वर्षांचा एक मुलगा व्हायोलिनची पेटी घेऊन शिकवणीला जातो, आणि वाड्यांतलीं दांडगीं पोरें "वादक! वादक!" म्हणून त्याची वाट अडवितात. अंगणाच्या फरसबंदीवर डांबर घालण्याचें काम चाललें आहे. तेथें रोलर चालविणारा सर्गेई नांवाचा एक तरुण कामगार त्या पोरांना हांकलतो. या दोघांची एका दिवसाची मैत्री, एवढीच गोष्ट. रोलर लाल रंगाचा आहे.

'लाल फुग्या'चें ऋण येथें उघड दिसतें, आणि अभ्यासकांनीं तें नोंदविलेंही आहे. एकटा मुलगा, त्रास देणारी टोळी, ओलसर करड्या शहरांत फिरणारा एकच लाल रंग, कमीत कमी बोलणें. इतकेंच काय, लामोरिसच्या चित्रांत जुन्या बाजारांतील एका आरशापुढें फुगा थबकतो, आणि तार्कोव्स्कीचा साशा एका दुकानाच्या खिडकींतील अनेक आरशांपुढें थबकतो. फुग्याचा आरसा हा एक गोड विनोद आहे. साशाच्या आरशांत मात्र सबंध शहराचे तुकडे तुकडे होतात, प्रकाश उडतो, एकाच वस्तूचीं अनेक प्रतिबिंबें नाचूं लागतात, आणि मुलगा शिकवणी विसरून पाहत राहतो. ज्यानें तार्कोव्स्कीचीं पुढचीं चित्रें पाहिलीं आहेत त्याला येथें जागीं झाल्यासारखें होतें; पाणी, आरसे आणि सफरचंदें हीं त्याची पुढें जन्मभराची संपत्ति झाली. म्हणजे उसन्या घेतलेल्या एका चिमुकल्या दृश्याच्या आड त्याला स्वतःचें भांडार सांपडलें.

पण खरी गोष्ट आरशांची नाहीं. विद्यार्थ्यानें उसन्या कल्पनेंतला एक खिळा काढला, आणि तो काढतांच सबंध रचना बदलली. तो खिळा म्हणजे जादू.

लामोरिसचा फुगा खरोखरच मुलावर माया करतो. त्याला फोडतां येतें, पण त्याच्याकडून मुलाला दगा होणें शक्य नाहीं. त्याला दुसरे कोणी नाहीं, दुसरें काम नाहीं, दुसरी इच्छा नाहीं. मॉस्कोंतला रोलर मात्र केवळ यंत्र आहे. तो कोणाच्या मागें जात नाहीं, डांबर दाबतो. फुग्याच्या जागीं तार्कोव्स्कीनें वस्तु ठेवली नाहीं, माणूस ठेवला. आणि माणसाला काम असतें, भूक असते, युद्धाच्या आठवणी असतात, आणि त्याच्याकडे पाहून हंसणारी दुसऱ्या रोलरवरची एक तरुणीही असते. फुगा आणि मुलगा यांच्यांत काव्य संभवतें. नाट्य संभवत नाहीं, कारण नाट्याला दोन इच्छा लागतात.

मधल्या भागांत तार्कोव्स्की ही मैत्री घाई न करतां बांधतो. सर्गेई साशाला रोलर चालवूं देतो. रस्त्यांत एक मोठा मुलगा एका लहानग्याला छळीत असतां साशा मधें पडतो आणि मार खातो. जेवणाच्या सुटींत सर्गेई थट्टेनें त्याला "वादक" म्हणतो, तेव्हां साशा रागानें पाव फेंकून देतो, आणि ज्यानें युद्धांतील उपासमार पाहिली आहे तो कामगार त्याला चांगलाच दटावतो. पाऊस कोसळत असतां एक जुनी इमारत लोखंडी गोळ्याच्या ठोक्यांनीं पाडली जाते. लोक पाहत उभे राहतात, आणि भिंत कोसळतांच मागें एक उंच शुभ्र इमारत उभी असलेली दिसते. त्या काळीं मॉस्कोंत जुनीं घरें पाडून नवीं उभारण्याचें काम जोरांत चाललें होतें, तेव्हां हें दृश्य पॅरिसहून आणावें लागलें नाहीं. तें दाराबाहेरच होतें. मग एका कमानीखालीं, जेथें आवाज घुमतो तेथें, साशा सर्गेईसाठीं व्हायोलिन वाजवितो. शिकवणींत तालयंत्राच्या टिकटिकीनें जें संगीत दाबून गेलें होतें तें या कमानींत मोकळें होतें. मला विचाराल तर सबंध चित्रांतील उत्तम जागा ही आहे, आणि तिचा लामोरिसशीं कांहींएक संबंध नाहीं.

संध्याकाळीं दोघांनीं 'चापायेव' हा प्रसिद्ध रशियन चित्रपट पाहावयास जाण्याचें ठरविलेलें असतें. साशाची आई त्याला सोडत नाहीं. तिला रोलरवाल्याशीं मैत्री ही गोष्टच समजत नाहीं. सर्गेई चित्रपटगृहासमोर वाट पाहतो, आणि अखेर त्या तरुणीबरोबर आंत जातो. येथें कोणी दुष्ट नाहीं. फुगा फोडणारी बेचकी कोणाच्याच हातांत नाहीं. तरीही कांहीं तरी फुटतें. मग शेवटच्या क्षणीं मुलाच्या मनांतलें दृश्य येतें: लाल सदरा घातलेला साशा जिना उतरून धांवत सुटतो, विस्तीर्ण चौकांतून कबुतरें उडतात, आणि तो लाल रोलरवर चढतो. पॅरिसचा मुलगा खरोखर आकाशांत गेला. मॉस्कोचा मुलगा खोलींतच राहिला, आणि फक्त मनानें जमिनीवरून धांवला. दोन्ही शेवट शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे धाकट्यानें थोरल्याला दिलेलें उत्तर ऐकूं येतें. जादू येऊन तुला उचलून नेईल असें तूं म्हणालास. आमच्या गांवांत ती मुलाच्या मनापलीकडे जात नाहीं, असें हें उत्तर आहे.

या चित्राला १९६१ सालीं न्यूयॉर्क येथील विद्यार्थ्यांच्या चित्रपट-महोत्सवांत पहिलें पारितोषिक मिळालें. पुढच्याच वर्षीं, १९६२ सालीं, त्याच युसोवला आणि ओव्चिनिकोव्हला बरोबर घेऊन तार्कोव्स्कीनें 'इव्हानचें बालपण' हा पहिला मोठा चित्रपट केला, आणि व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळविला. तिकडे कोन्चालोव्स्कीनेंही १९६१ सालीं 'मुलगा आणि कबुतर' हा आपला लघुपट केला. फुग्याच्या जागीं कबुतर! एकाच विहिरीवर दोन मित्रांनीं आपापले पोहरे सोडले होते. त्या कबुतराच्या चित्रांतील बालनट निकोलाय बुर्ल्यायेव. तोच पुढें तार्कोव्स्कीचा इव्हान झाला. विद्यार्थ्यांच्या चित्रांत असे देवाणघेवाणीचे धागे फार असतात, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

आपल्याकडे पुण्यास प्रभात कंपनीच्या जुन्या आवारांत १९६० सालीं चित्रपटाचें शिक्षण देणारी सरकारी संस्था निघाली, आणि १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट-संग्रहालय निघालें. जगभरचे लघुपट पाहून तेथें मुलांच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या. त्या संस्थेंत शिकत असतां उमेश कुलकर्णी यांनीं २००४ च्या सुमारास केलेला 'गिरणी' हा मराठी लघुपट श्रोत्यांपैकीं कांहींनीं पाहिला असेल. पोट भरण्यासाठीं आई घरांत पिठाची गिरणी आणते. पहिल्यांदां मुलाला त्या यंत्राचें अप्रूप वाटतें, आणि मग त्याच यंत्राची घरघर त्याचें बालपण दळून टाकते. एक मुलगा आणि एक यंत्र, हें कोष्टक मॉस्कोच्या चित्रालाही बसतें. पण गिरणीचा तो आवाज, पिठाचे डबे आणि दारोदार पोंचविण्याचें ओझें हीं कोणत्याही परदेशी चित्रांतून आणतां येत नाहींत. तीं आपल्याच वाड्यांतून यावीं लागतात. कोष्टक उसनें घेतलें तर चालतें, आंकडे घरचे हवेत.

आतां दुसरें उदाहरण थोडक्यांत सांगतों. तें अगदीं निराळ्या जातीचें आहे, कारण तेथें गोष्ट उचललेलीच नाहीं. उचलला तो आवाज.

कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट-मंडळांत आर्थर लिप्सेट नांवाचा एक तरुण संकलक होता. इतरांनीं टाकून दिलेले फितींचे तुकडे गोळा करून, त्यांत स्वतः टिपलेलीं चित्रें मिसळून, त्यानें १९६३ सालीं '२१-८७' नांवाचा दहा मिनिटांहूनही लहान असा एक लघुपट जोडला. त्यांत कथा नाहीं, नायक नाहीं. गर्दींतले चेहरे, म्हातारीं माणसें, हुकमाप्रमाणें हालणारे यांत्रिक हात; आणि या सर्वांवर कोठून तरी भलत्याच ठिकाणाहून आलेले आवाज. चित्र एक सांगतें, ध्वनि दुसरेंच कांहीं सांगतो, आणि दोहोंच्या घर्षणांतून तिसरा अर्थ पेटतो. चित्राचें नांवही त्यांतल्या एका बोलण्यांतून आलें आहे: माणसाला नांवाऐवजीं क्रमांक मिळाल्याचें त्यांत ऐकूं येतें.

कॅलिफोर्नियांतील एका विद्यापीठांत चित्रपट शिकणाऱ्या जॉर्ज लुकस या विद्यार्थ्यानें हें चित्र वर्गांत पाहिलें, आणि मग पुन्हां पुन्हां पाहिलें. वीसाहून अधिक वेळां, असें सांगतात. १९६७ सालीं त्यानें पंधरा मिनिटांचें एक भविष्यकाळाचें नाट्य केलें, तें म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक लॅबिरिंथ: टीएचएक्स ११३८ ४ईबी'. नौदलांतील विद्यार्थ्यांना छायाचित्रण शिकविणाऱ्या वर्गांत तो मदतनीस होता. तेव्हां हाताखालचीं माणसें नौदलाचीं आणि रंगीत फीतही नौदलाची, असा सगळा मामला होता. जमिनीखालच्या बोळांतून एक माणूस पळतो आहे, आणि पडद्यांसमोर बसलेले अधिकारी त्याला शोधीत आहेत, एवढेंच कथानक. पण कान देऊन ऐकलें म्हणजे लिप्सेट ऐकूं येतो. खरखरणारे, अर्धवट, निर्विकार आवाज एकमेकांवर चढतात, आणि त्या आवाजांनींच एक सबंध राज्ययंत्रणा उभी राहते. पैसे नसलेल्या विद्यार्थ्याला महाल बांधतां येत नाहीं. आवाजाचा महाल मात्र बांधतां येतो, हें त्याला '२१-८७' नें शिकविलें.

येथेंही बदल कोठें झाला तें पाहण्यासारखें आहे. लिप्सेटच्या चित्रांत क्रमांक ही एक कानांवरून गेलेली, अंगावर कांटा आणणारी गोष्ट होती. लुकसनें तो क्रमांक एका माणसाचें नांव केलें, आणि त्या माणसाला पळावयास लाविलें. पळणारा आला कीं पकडणारा आला, आणि पकडला जाईल कीं नाहीं ही उत्कंठा आली. निबंधाचें नाटक झालें. १९६८ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्यार्थी-चित्रपट-महोत्सवांत नाट्य-विभागाचें पहिलें पारितोषिक त्याला मिळालें, तें योग्यच होतें. मात्र एक गोष्ट मला बोलून दाखविल्यावांचून राहवत नाहीं. लिप्सेटच्या चित्रांतले म्हातारे चेहरे ज्या करुणेनें पाहिलेले आहेत ती करुणा लुकसच्या चित्रांत उतरलेली नाहीं. त्यानें हत्यार नेलें, हात नेला नाहीं. तेवीस वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा करणें कदाचित् अन्यायाचें होईल. पण लामोरिसचा विद्यार्थी आणि लिप्सेटचा विद्यार्थी यांच्यांत मला तरी हाच फरक वाटतो.

लुकसनें ऋण मात्र झांकून ठेवलें नाहीं. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'मध्यें राजकन्येला ज्या कोठडींत डांबलें आहे तिचा क्रमांक २१८७ आहे. त्या चित्रपटांतील 'फोर्स' हा सर्व जगानें उचललेला शब्दही लिप्सेटच्या चित्रांतील एका संभाषणाचा प्रतिध्वनि आहे असें त्यानें मान्य केलें आहे. निसर्गाशीं आणि जिवंत सृष्टीशीं जवळीक झाली म्हणजे माणसाला एका शक्तीची जाणीव होते, अशा अर्थाचें तें संभाषण होतें.

परंतु ज्याचें ऋण फेडावयाचें त्याच्या घरीं काय घडलें? लिप्सेटच्या १९६१ च्या पहिल्या लघुपटाला ऑस्करसाठीं नामांकन मिळालें होतें. स्टॅन्ली कुब्रिकसारख्या दिग्दर्शकानें त्याच्याकडे काम देऊं केलें होतें, तें त्यानें नाकारलें. त्याचीं चित्रें उत्तरोत्तर अधिक दुर्बोध होत गेलीं, मंडळाशीं त्याचें जमेना, आणि १९७० सालीं त्यानें तें सोडलें. त्यानंतरचीं वर्षें मानसिक आजारांत गेलीं, आणि १९८६ सालीं, पन्नाशी गांठण्यापूर्वीं, त्यानें स्वतःच आपलें जीवन संपविलें. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमध्यें तार्कोव्स्की कर्करोगानें वारला. कोठडीच्या दारावरचा तो क्रमांक कोट्यवधि लोकांनीं पाहिला, पण तो कोणाच्या घरचा आहे हें त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतें. म्हणून कोणी विद्यार्थी मला विचारतो कीं, चित्राच्या शेवटीं श्रेयनामावलींत ज्यांच्यापासून शिकलों त्यांचीं नांवें घालावीं का, तर मी त्याला "घालावीं, आणि ठळक अक्षरांत घालावीं" असें सांगतों. त्यानें चित्राची किंमत कमी होत नाहीं, आणि काकांनाही "कोठें तरी पाहिलें आहे" तें कोठें, हें तेथल्या तेथें कळतें.

श्रोत्यांपैकीं कोणाला हीं चित्रें पाहण्याची इच्छा झाली तर एक सुचवितों. '२१-८७' हें चित्र कॅनडाच्या मंडळानें सर्वांसाठीं खुलें ठेवलें आहे. तें एकदां डोळे उघडे ठेवून, आणि एकदां डोळे मिटून केवळ ऐकावें. 'लाल फुगा' आणि 'रोलर आणि व्हायोलिन' हीं दोन्ही मिळून ऐंशी मिनिटांचीं आहेत, म्हणजे एका संध्याकाळीं, जेवणापूर्वीं, मुलांना घेऊन पाहतां येतील. बहुतेक लोक फुगा आधीं लावतात. माझें म्हणणें, रोलर आधीं पाहावा. मुलांना फुगा आधीं दाखविला तर तीं सगळा वेळ रोलरच्या उडण्याची वाट पाहत बसतात.